नऊ वेढणी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईनं लपवून ठेवलं. दूधवाल्याचं माप मी दोनदा बघते. भाजीवालीच्या तागडीखाली काही चिकटवलंय का, ते वाकून पाहणारी जळगावच्या बाजारात मी एकटीच असेन. शंभराची नोट उजेडाकडे धरल्याशिवाय ती माझ्या पाकिटात जात नाही. माझी मुलगी म्हणते, "आई, तू जन्मलीस तेव्हा सुईणीलाही ओळखपत्र मागितलं असशील." मागायला हवं होतं.

एवढं असूनही मी एकदा फसले. आणि फसले ती अशा बाजूनं, की जिकडे मी कधी मान वळवून बघितलंही नव्हतं.

माझे वडील चाळीसगावला रेल्वेत होते. लाइनीच्या कडेला दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे शेवग्याचं झाड, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्या घरात आईची पंचवीस वर्षं गेली. वडील रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायचा दिवस आला. ऑफिसातून एक बाबू आला. त्यानं खिडकीच्या काचा मोजल्या, नळ मोजले, दाराच्या कड्या हलवून पाहिल्या आणि एक काच तडकलेली आहे अशी नोंद केली. वडिलांची सही घेतली. आई शेवग्याखाली भांड्यांच्या गोणीवर बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही. टांग्यात बसताना तिनं एवढंच विचारलं, "मग आता आपलं घर कोणतं?" वडिलांनी टांगेवाल्याला निघायला सांगितलं. मी तेव्हा अकरावीत होते. तिथेच मी ठरवलं, की आपण एक तरी जागा अशी घ्यायची, जिच्या कागदावर फक्त आपलं नाव असेल आणि जिथल्या काचा मोजायला कोणी येणार नाही. लहान असली तरी चालेल, गावाबाहेर असली तरी चालेल.

ऐंशीनंतर लगेचच मला जळगावला टेलिफोन खात्यात नोकरी लागली. ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर. आता मुलांना सांगावं लागतं, की तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे नंबर नोंदवावा लागे. मग आम्ही दोऱ्या बोर्डात खोचून लाइन जोडायचो आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" कानाला हेडसेट, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हाताशी तिकिटांची चळत. तिकीट म्हणजे प्रत्येक कॉलची चिठ्ठी. लाइन नीट लागली का हे बघायला आम्हाला आत ऐकावंच लागायचं. किती ऐकायचं हे ज्याच्या त्याच्यावर. केळीचा दिल्लीचा भाव, डाळीचे सौदे, कोणाचं बाळंतपण, कोणाचं मरण, सगळं जळगाव आमच्या कानांतून जायचं. माझ्यासारखीला ही नोकरी मिळणं म्हणजे गोड खाणाऱ्याला मिठाईच्या दुकानावर बसवण्यासारखंच होतं.

वर्षभरात लग्न झालं. नवरा जळगावातच सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळायला. सासरचं गाव नरडाण्याकडचं, पण सासूबाई आमच्याजवळच राहायच्या. नवऱ्याबद्दल वाईट सांगायला माझ्याजवळ तेव्हा काही नव्हतं. आवाज चढवायचे नाहीत, पगाराचं पाकीट हिसकवायचे नाहीत. माझ्या मैत्रिणींच्या घरी जे चालायचं ते बघता मला लॉटरी लागली होती. नीटनेटकेपणाचं तेवढं वेड होतं. कचेरीत फायलींना बांधायची एक गाठ असते. दोन फेरे, मग एक अर्धा फास, एक टोक ओढलं की सुळकन सुटणारी. ही गाठ ते घरातही सगळ्याला बांधायचे. डब्याच्या पिशवीला, दिवाळीच्या कंदिलाला, मुलगी झाल्यावर तिच्या झबल्याच्या नाडीलासुद्धा. "फाइल रडतेय बघा," असं मी म्हणायची.

पगारातला मोठा भाग घरात द्यायचा आणि उरलेला माझा, असं आमचं ठरलं होतं. त्या उरलेल्याचं काय करायचं, हे मला अक्कांनी शिकवलं.

अक्का आमच्यातल्या सगळ्यात सीनियर ऑपरेटर. रावेरकडच्या, केळीच्या मळ्यांच्या घरातल्या सून. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा एका ट्रंकेसकट बाहेर पडल्या. अंगावरचं सोनं सासूच्या कपाटात होतं, ते तिथेच राहिलं. हे त्या कधी रडून सांगायच्या नाहीत. पावसात छत्री विसरली हे सांगावं तसं सांगायच्या. आम्ही आठजणी होतो आणि अक्का आमची भिशी चालवायच्या. साधी भिशी नव्हे, वेढण्यांची.

वेढणं म्हणजे सोन्याची तार बोटाभोवती वेढून केलेली अंगठी. नक्षी नाही, खडा नाही, जोडाचा डाग नाही, घडणावळ नावाला. घालायला रुपडं नाही, पण विकायला गेलं तर सराफ नाक मुरडत नाही. पगाराच्या दिवशी सराफाच्या पाटीवर जो भाव असेल त्या भावानं अर्ध्या तोळ्याचे पैसे आठजणींनी मिळून अक्कांकडे द्यायचे. महिनाभरात अक्का वेढणं आणायच्या. जिची पाळी तिला मिळायचं. दर आठ महिन्यांनी अर्धा तोळा. चहाच्या सुट्टीत अक्का पदराची गाठ सोडायच्या आणि म्हणायच्या, "घे माय. हे तुह्यं. कोनाले दाखवू नको, कोनाले देऊ नको."

पहिलं वेढणं हातात आलं तेव्हा मी ते दिवसभर मुठीत धरून काम केलं. शेवग्याखाली बसलेली आई डोळ्यांपुढे होती. दुसऱ्याच दिवशी मी ते दुसऱ्या सराफाकडे नेऊन वजन करवलं आणि दगडावर घासून कस बघितला. वजन पुरतं होतं, कसही पुरता होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी विचार करत घरी आले, की मग बिल का नाही?

कारण अक्का बिल द्यायच्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "वेढन्याले कसलं बिल?" बाकीच्या माना डोलवायच्या. मला ते पटेना. ज्या बाईचं सगळं सोनं एकदा गेलंय, ती कागद जपून ठेवणार. आणि जपून ठेवलेला कागद दाखवत नसेल तर त्यावर काहीतरी न दाखवण्यासारखं असणार.

सकाळच्या पाळीत साधारण अकराच्या सुमाराला मुंबईहून एका मोठ्या पेढीला रोज अर्जंट कॉल यायचा. दोन वाक्यांचा. सोन्याच्या भावाचे फक्त शेवटचे दोन आकडे सांगायचे, पुढचे आकडे सगळ्यांनाच माहीत. त्यावर कधी एखादा शब्द, "थांबा", नाहीतर "उचला". हा कॉल शक्यतो अक्काच घ्यायच्या. तो त्यांच्या पोझिशनवर, म्हणजे त्यांच्याच बोर्डावर यावा अशी त्या सकाळची पाळी मागून घ्यायच्या, हे माझ्या लक्षात आलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मीही सकाळची पाळी मागू लागले. अक्का जागेवर नसतील तेव्हा कॉल मी घ्यायची, असतील तेव्हा संध्याकाळी पाटी बघून यायची. रद्दी तिकिटांच्या मागे मी भाव लिहू लागले. पाच महिने लिहिले. त्या पाच महिन्यांत मी घरी कोणाशी धड बोलले नाही. जेवताना आकडे, झोपताना आकडे. शेवटी सगळं उलगडलं. "थांबा" ऐकलं की अक्का थांबायच्या आणि भाव उतरला की वेढणं घ्यायच्या. "उचला" ऐकलं, म्हणजे भाव चढणार असला, की पाळी संपताक्षणी मागच्या बोळातल्या, घडणावळ न घेणाऱ्या एका छोट्या सराफाकडे जायच्या, कारण नवा भाव त्याच्यापर्यंत संध्याकाळशिवाय पोचायचा नाही. बहुतेक महिने आम्ही दिलेल्यापेक्षा त्यांना वेढणं स्वस्त पडायचं. कधी दहा रुपये, कधी पंचवीस. ते कुठे जात होते हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर तिकिटं टेबलावर मांडली. खरं सांगते, मला मजा येत होती. चोर पकडल्याची मजा. मी एकेक महिना वाचून दाखवला आणि म्हटलं, "अक्का, वरचे पैसे कुठे आहेत?"

अक्कांनी बशीतला चहा संपवला. म्हणाल्या, "माह्याजवळ आहेत. कानाची मजुरी घेते मी. तुमाले पगाराच्या भावानं सोनं भेटते, वजन पुरं, कस पुरा. उरते ते माह्या कानाचं. तू इचारलं असतं तर पयल्याच दिवशी सांगितलं असतं."

"विचारलं होतं. बिल मागितलं होतं."

"बिल मागितलं. घेता काय, असं नाही इचारलं."

मी बाकीच्यांकडे बघितलं. एकजण बांगड्या मागेपुढे करत होती. दुसरी म्हणाली, "अगं, आम्हाला अंदाज होता. उन्हातान्हात जातात त्या. आपण गेलो असतो का?" म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला अक्कांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. मी जाहीर करून टाकलं, की आजपासून मी भिशीत नाही.

अक्कांनी माझा हिशेब पै-पैसा चुकता केला. तोवर माझ्याकडे पाच वेढणी झाली होती, एक चालू फेरीतलं होतं, ते त्यांनी आठवडाभरात आणून दिलं. सहा. देताना हळू आवाजात म्हणाल्या, "एक आयक. आता हे घरी ठेवशील, मंग बँकीत ठेवशील. लॉकर एकटीच्या नावावर घे. किल्ली एक, नाव एक."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, आलं बाहेर. नवऱ्यानं टाकलेली बाई, हिला दुसरीचा संसार सरळ चाललेला कसा बघवेल? आज मला त्या विचाराची लाज वाटते. पण त्या दिवशी मला तो फार हुशारीचा वाटला होता.

घरी हा सगळा प्रकार मी मोठ्या तोऱ्यात सांगितला. नवऱ्यानं कौतुकानं ऐकलं. म्हणाले, "तू पोलिसात जायला हवी होतीस." सासूबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. त्यांना मुळात भिशीच आता कळली होती. "बाहेरनी बाईवर भरोसा ठेवस, आन घरना माणूस तुले दिखत नही का?" मी ओशाळले. त्यांचं म्हणणं मला पटलंसुद्धा. लॉकर घेताना बँकेतल्या माणसानं फॉर्मवर विचारलं, एकटीच्या नावे की दोघांच्या? दोघांच्या असलं तर दोघांपैकी कोणीही एकटं येऊन उघडू शकतं. नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव." मी त्यांच्याकडे बघितलं, अक्का आठवल्या, आणि जरा मोठ्यानंच म्हटलं, "दोघांच्या."

त्यानंतर मी माझा सगळा संशय बँकेकडे वळवला. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली, एक त्यांची. त्यांची कोणाकडे असते? तो माणूस रजेवर गेला तर कोणाकडे? भिंतीमागे काय आहे? मी प्रश्न विचारून त्या बिचाऱ्याला हैराण केलं. वेढणी एका स्टीलच्या डबीत ठेवली, डबी कापडी पिशवीत, आणि पिशवीच्या तोंडाला आकाशी दोरा. त्याला माझी खास गाठ मारायची. मुद्दाम वेडीवाकडी, तीन फेऱ्यांची, एक टोक लांब आणि एक तोकडं. बँकेतल्या कोणी हात लावला तर परत तशी बांधताच येऊ नये. दिवाळीनंतर वर्षातून एकदा मी जायची, गाठ तपासायची, जमलं तर नवं वेढणं टाकायची. आता पक्क्या बिलानं घ्यायची, पाटीवरच्या भावानं, वर घडणावळ देऊन. अक्कांच्या मजुरीपेक्षा ते महाग पडायचं. पण बिल होतं ना हातात. अशी आणखी तीन झाली. एकूण नऊ.

दरवर्षी गाठ माझीच असायची. मी समाधानानं रजिस्टरवर सही करून घरी यायची.

मधल्या काळात जळगाव पाइपांनी वेडं झालं होतं. ज्याला त्याला पाइपांचं काहीतरी काढायचं होतं. माझ्या जेठांनीही, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानंही, औद्योगिक वसाहतीत शेड भाड्यानं घेऊन ठिबकच्या नळ्यांचे जोड बनवायचं मशीन टाकलं. घरात त्यांच्या मशीनचीच गोष्ट चालायची. मी त्यांच्या भागीदारावर संशय घेतला, मशीन विकणाऱ्यावर घेतला, आणि तो घरात बोलूनही दाखवला. नवरा ऐकायचा आणि म्हणायचा, "तुझं बरोबर आहे."

आमच्या एक्स्चेंजला हळूहळू अवकळा येत होती. एसटीडी आलं, लोक थेट नंबर फिरवू लागले, आमचे बोर्ड निम्मे रिकामे राहू लागले. मुंबईचा तो अकराचा कॉलही बंद झाला. एक दिवस अक्का माझ्या पोझिशनजवळ येऊन उभ्या राहिल्या. आम्ही कामापुरतं बोलायचो, तेवढंच. म्हणाल्या, "गावाबाहेर लेआउट पडलाय. आठ प्लॉट एका रांगेत भेटता आहेत. बिनशेती झालेले, कागद मी वकिलाले दाखवले. सातजनी घेत आहेत, परतेकीच्या एकटीच्या नावावर. आठवा तुह्यासाठी धरून ठेवलाय. सोमवारपर्यंत."

मी विचारलं, "माझ्यासाठी का?"

"आठ होतो म्हनून," अक्का म्हणाल्या आणि निघून गेल्या.

शनिवारी सकाळी जाऊन मी तो लेआउट बघून आले. काळी माती, चुन्याच्या रेघा, टोकाला एक बाभूळ. वकिलाकडे जाऊन कागद पुन्हा तपासले, सातबारा बघितला, मालकाच्या भावांच्या सह्या बघितल्या. काही म्हणता काही खोट निघेना. शेवटी मी त्या चुन्याच्या चौकोनात उभी राहिले. दार कुठल्या दिशेला करायचं आणि शेवगा कुठे लावायचा, हेही ठरवून टाकलं. आईला पत्र लिहायचं मनात आलं, मग म्हटलं खरेदीखत हातात आल्यावरच लिहू. नऊ वेढणी मोडली की प्लॉटचे पैसे जवळजवळ पुरे होत होते.

सोमवारी दहा वाजता मी बँकेच्या दारात. लॉकर उघडला, बँकेचा माणूस बाहेर गेला, मी पिशवी काढली.

दोरा आकाशीच होता. पण गाठ सुरेख होती. दोन फेरे, अर्धा फास, दोन्ही टोकं अगदी सारखी.

मी ती सोडलीसुद्धा नाही. नुसतं एक टोक ओढलं आणि ती सुळकन सुटली.

डबीत एक कागद होता. चौकोनी घडी, वर तारीख, खाली सही. "वेढणी नग नऊ, भाऊच्या कामासाठी काढली. परत ठेवायची आहेत." तारीख आठ महिन्यांपूर्वीची. कचेरीतून फाइल नेताना जागेवर चिठ्ठी ठेवतात, तशी त्यांनी ठेवली होती. मी बाहेर येऊन रजिस्टर मागितलं. माझ्या सहीवर त्यांची सही होती. मागच्या वर्षीच्या माझ्या सहीखालची ओळ, आठ महिन्यांपूर्वीची, त्यांच्या सुबक अक्षरात. आत जाताना मी तिच्याच खाली सही केली होती आणि वरची ओळ वाचली नव्हती. दुधाचं माप दोनदा बघणारी मी.

त्या दिवशी मला आधी राग आला नाही. आधी भीती वाटली, की आता मी कशाकशाची खातरजमा करायची? मग घरी जाईपर्यंत राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

नवरा दुपारी जेवायला घरी यायचा. मी चिठ्ठी ताटाशेजारी ठेवली. त्यांनी ती बघितली, घास संपवला. म्हणाले, "सांगणारच होतो. मशीनचा हप्ता होता. भाऊ वर्षात देणार होता."

"मला विचारलं का नाही?"

"तू संशय घेतला असतास."

सासूबाई आतून म्हणाल्या, "सोनं कोठे पळी गयं? घरनाच धंदामा लागेल शे ना!" धंदा तोवर बसलेला होता. मशीन सावकारानं उचलून नेलं होतं, हे मला त्या दुपारी कळलं. घरात बाकी सगळ्यांना महिनाभर माहीत होतं. एक्स्चेंजच्या त्या टेबलाची आठवण झाली. तिथेही सगळ्यांना माहीत होतं. फरक एवढाच, की तिथे माझं सोनं पुरतं मिळत होतं.

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" नवऱ्यानं विचारलं. आवाज नेहमीसारखा, शांत. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. मी म्हटलं, "तुमच्यावरच तेवढा होता." आणि मग मी इतकी रडले की मुलगी शाळेतून आली ती दारातच उभी राहिली.

अक्कांना मी संध्याकाळी गाठलं. काही सांगावं लागलं नाही. त्यांनी आठवा प्लॉट दुसऱ्या दिवशी सोडला, तो एका बांधकामवाल्यानं घेतला. मला वाटलं होतं त्या म्हणतील, मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "भिशी चालू आहे. पगारालेच पैसे आन. कान आता बंद पडला, पन बोळातला सराफ अजून घडणावळ घेत नाही. त्याच्यात माहा वाटा राहीन. चालंन?"

"चालेल," मी म्हटलं. "किती, ते आधी सांगा."

अक्का हसल्या. पहिल्यांदाच मला त्या हसताना आवडल्या.

जेठांनी पुढे वेढण्यांच्या बदल्यात काळ्या पाइपांची दोन बंडलं आणून दिली. ती आमच्या गच्चीवर कितीतरी वर्षं पडून होती. माझा प्लॉट मी खूप उशिरा घेतला, त्या रांगेपासून बराच लांब, आकारानं निम्मा. कागदावर एकच नाव आहे. आई तोवर राहिली नव्हती. शेवगा लावलाय.

पण त्याच्या आधी एक काम करायचं होतं. लॉकरवरून नवऱ्याचं नाव काढायचं होतं. बँकेतल्या माणसानं सांगितलं, की त्यासाठी त्यांचीच सही लागेल. मी अर्ज लिहिला, सुवाच्य, आणि त्यांच्यासमोर ठेवला. ते कचेरीला निघाले होते, एका हातात डब्याची पिशवी, तिला ती गाठ. मनाशी मी भांडणाची सगळी तयारी करून ठेवली होती. ते काय विचारतील आणि मी काय उत्तर देईन, सगळं पाठ होतं.

त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद भिंतीला टेकवला आणि सही करून मला परत दिला. एक ओळही वाचली नाही.

"वाचा तरी," मी म्हटलं.

"तूच लिहिलंय ना," ते म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मी दारात तो कागद धरून उभी राहिले. असा विश्वास बघून कोणाचेही डोळे भरून आले असते. माझेही आले असते. पण मग लक्षात आलं, की मी लिहिलेल्या कागदानं त्यांचं कधी काही गेलेलंच नव्हतं. वाचायचं कशाला?